बालीला जाताय? रोमिंगचं बटण आधी समजून घ्या

बियाण्याच्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना बालीला नेतात, नवी जोडपी जातात, आणि यंदा तर आमच्या गल्लीतला भिशीचा ग्रुपसुद्धा जाऊन आला. आनंद आहे. यातले बरेच जण आमच्या जालन्यातल्या मोबाइलच्या दुकानातून ईसिम, म्हणजे कार्ड न घालता कोड स्कॅन करून फोनमध्ये उतरवायचं सिम, घेऊन जातात. पण मग त्यांचा फोन आम्हाला तिथल्या विमानतळावरून येतो, तोही जालना झोपल्यावर. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणून त्यांची पहाट ती आमची मध्यरात्र. वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, नेट चालंना. पैसे पाण्यात गेले का?"

पैसे कुठेही गेलेले नसतात. एक बटण उलटं असतं.

परदेशात गेलं की रोमिंग बंद ठेवायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्येकाच्या ओळखीत एखादा मेहुणा असतोच, ज्याला दुबईत हजारोंचं बिल आलेलं असतं. त्यामुळे विमानात बसल्या बसल्या लोक डेटा रोमिंग बंद करतात, दोन्ही सिमचं. मग उतरल्यावर टॉवरच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण व्हॉट्सअ‍ॅप फिरत राहतं.

यामागचं कारण सांगतो. आम्ही देतो ते ईसिम इंडोनेशियाचं नसतं. ते बहुधा सिंगापूर, हाँगकाँग अशा ठिकाणच्या कंपनीचं असतं आणि बालीत उतरल्यावर टेल्कोमसेलसारख्या तिथल्या नेटवर्कवर पाहुणं म्हणून बसतं. म्हणजे ते सिमच मुळात रोमिंगवर चालणारं. त्याचं रोमिंग बंद केलं की पाहुण्याला दारातच उभं केल्यासारखं होतं. याउलट आपलं भारतातलं सिम. त्यावर पॅक नसताना डेटा रोमिंग चालू राहिलं, तर पैसे एमबीच्या हिशोबाने कापले जातात. मेहुण्याचं बिल त्यातूनच आलेलं असतं.

म्हणून आम्ही काउंटरवरच तुमच्या फोनमध्ये दोन्ही सिमची नावं बदलून देतो. भारतातल्या सिमचं नाव 'घर', ईसिमचं नाव 'बाली'. मग लक्षात ठेवायचं एवढंच: मोबाइल डेटा 'बाली'वर, 'बाली'चं डेटा रोमिंग चालू, 'घर'चं बंद. आयफोनमध्ये मोबाइल डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारं एक बटण असतं, सॅमसंगमध्येही तसं आहे. तेही बंद. एवढं करूनही नेट आलं नाही, तर एरोप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून पुन्हा बंद करा. तरीही नाही, तर एपीएन, म्हणजे नेटला जोडणारी सेटिंग, बघावी लागते. ती आम्ही दिलेल्या कागदावर लिहिलेली असते.

हो, कागद. क्यूआर कोड आम्ही छापून देतो, याचं काही जणांना हसू येतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? बऱ्याचदा दुसरा फोन लागतो, आणि तो नेमका बायकोच्या पर्समध्ये, पर्स मागच्या गाडीत. शिवाय ईसिम उतरवून घ्यायला नेट लागतं. बालीत पोहोचून स्कॅन करू म्हणणारे तिथे आधी वायफाय शोधत फिरतात. समृद्धीवर गाडीत बसूनही करू नका, मध्येच रेंज गेली तर काम अर्धवट अडकतं. निघण्याच्या दोन दिवस आधी फोन घेऊन दुकानात या, दहा मिनिटांत होतं. आम्ही ठेवतो त्या पॅकचे दिवस तिथल्या नेटवर्कला जोडल्यावर सुरू होतात, त्यामुळे आधी टाकून ठेवल्याने काही वाया जात नाही.

एक विनंती, हात जोडून. नेट लागलं नाही म्हणून रागात ईसिम डिलीट करू नका. तो कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. डिलीट झालं की नवं घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे आम्ही परत करू शकत नाही. यावरून दुकानात भांडणं झालेली आहेत. आम्हालाही वाईट वाटतं, पण कंपनी आम्हाला ते पैसे देत नाही.

फोन ईसिम घेतो की नाही, हे घरीच बघा. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. यादीत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून पुढे सोय आहे. स्वस्त अँड्रॉइडमध्ये पुष्कळदा नसते. तसं असेल तर बालीच्या विमानतळावर सिम मिळतं, पासपोर्ट दाखवून घ्यावं लागतं. पण ते घालताना भारतातलं सिम काढून पाकिटात टाकू नका. दुसऱ्या खाचेत राहू द्या, बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात. त्या सिमची इंटरनॅशनल रोमिंग सेवा घरूनच चालू करून घ्या, फक्त डेटा बंद. त्यावर आलेला साधा कॉल मात्र उचलू नका, उचलण्याचेही पैसे लागू शकतात. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या जुन्याच नंबरवर चालतं, आणि बालीतले ड्रायव्हर, हॉटेलवाले सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलतात. टॅक्सीसाठी ग्रॅब हे अ‍ॅप इथेच उघडून, ओटीपी टाकून तयार ठेवा. परदेशी पाहुण्यांना १४ फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपियाचा (रुपिया म्हणजे तिथलं चलन) पर्यटन कर आहे. आकडा ऐकून घाबरू नका, आपल्या हजाराच्या आतच बसतो. तो ऑनलाइन भरला की क्यूआर मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाच्या कड्यांवर रेंज येते-जाते. नकाशा आधी डाउनलोड केलेला बरा. आणि फोटोंचा बॅकअप वायफायवरच ठेवा, नाहीतर दोन दिवसांत पॅक संपतो आणि शिव्या आम्हाला.

पाडव्याच्या आसपास जाणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचा. बालीत आपल्यासारखाच शक चालतो आणि त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस म्हणजे न्येपी, मौनाचा दिवस. २०२३ मध्ये तो बरोबर पाडव्याच्या दिवशी, २२ मार्चला आला होता, आणि २०२६ मध्येही दोन्ही एकाच दिवशी, १९ मार्चला. पैठणच्या शालिवाहनाचं नाव शकाला लावणाऱ्या आपल्यासारख्यांना गंमत वाटेल, पण त्या दिवशी विमानतळ बंद, रस्ते बंद, आणि २०१८ पासून मोबाइल डेटासुद्धा सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत बंद. आमचं असो की कुणाचं, कुठल्याच सिमवर नेट चालत नाही. तेव्हा तरी आम्हाला फोन करू नका.

अ‍ॅपवरून घेतलं तर ईसिम आमच्यापेक्षा पन्नास-शंभर रुपयांनी स्वस्त पडतं, हे खरं आहे. स्वतः बसवता येत असेल तर खुशाल घ्या. आमचे पैसे त्या दहा मिनिटांचे, नाव बदलून देण्याचे आणि रात्री साडेदहापर्यंतच्या फोनचे आहेत. चार्जरचं अ‍ॅडॉप्टर मात्र घेऊ नका, आमच्या काचेत लटकत असलं तरी. आपल्या मोबाइलच्या चार्जरची दोन गोल पिन तिथे सरळ बसते. लॅपटॉपच्या तीन पिनवाल्यांनी घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

रात्री साडेदहानंतर आम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन स्क्रीनशॉट पाठवा: एक 'घर'च्या सेटिंगचा, एक 'बाली'च्या. डेटा रोमिंगचं बटण दोन्हींत दिसलं पाहिजे.