डिस्क खरंच वाकली होती का?

माझ्या मावसभावाची पिकअप आहे. सासवडहून अंजीर, सीताफळं, कधी वाटाणा भरायचा आणि रात्रीतून खंडाळ्याचा घाट उतरून वाशीला पोचायचं, हा त्याचा धंदा. मध्यंतरी गाडीनं वेगळंच काढलं. ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं, पायाखालचं पेडल धडधडायचं. गॅरेजवाल्यानं चाक न काढताच निदान केलं, "डिस्क वाकली." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटतात. नवी जोडी बसली. काही महिन्यांत थरथर परत आली. निदान तेच, खर्चही तोच.

तिसऱ्या वेळी एका वयस्कर मिस्त्रीनं डिस्क काढली आणि तिच्याकडे न बघता ती जिथे बसते त्या हबवर बोट फिरवलं. हबच्या तोंडावर गंजाची पापडी होती. आधी दोनदा नवी डिस्क याच पापडीवर बसवून नट आवळले होते.

पापडी जेमतेम कागदाएवढी. पण हबजवळ डिस्क केसभर तिरकी बसली की बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा दुप्पट होतो. चाक फिरताना डिस्क किंचित डुलते आणि ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा एकच भाग दर फेरीला पॅडला चाटून जातो. हजारो किलोमीटर असं झालं की तो भाग इतरांपेक्षा झिजतो, किंवा तिथे पॅडचा घासणारा मसाला चिकटून बसतो. आता डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. हा फरक ०.०२ मिलिमीटर असला तरी थरथर जाणवू शकते. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड असतो. जाड भाग पॅडखाली आला की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन मागे ढकलला जातो आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून थेट तळपायाशी पोचतो. म्हणजे डिस्क वाकलेली नसते, असमान झिजलेली असते. कारण गंज असेल तर नुसती डिस्क बदलून काय होणार?

डिस्क झिजण्यासाठीच असते हे खरं, पण तिचं मुख्य काम उष्णता साठवणं आणि हवेत फेकणं हे आहे. ३ टन वजनाची भरलेली गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्यात सव्वादोन लिटर पाण्याला उकळी येईल. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे यातला बहुतेक वाटा पुढच्या दोन डिस्कच्या गळ्यात पडतो. प्रत्येक डिस्क आठ किलोची धरली तर एका थांबण्यात तिचं तापमान सुमारे ७० अंशांनी चढतं. ती पुरती निवायच्या आत पुढचा ब्रेक लागला, तर चढत जातं.

घाटाचं गणित याहून मोठं. लोणावळा ते खोपोली सुमारे साडेपाचशे मीटरचा उतार आहे. तेवढ्या उंचीवरून ३ टन खाली आणताना जवळजवळ साडेचार युनिट वीज होईल इतकी ऊर्जा सुटते. वीस मिनिटांत घाट उतरलात, तर दोन हजार वॉटचे सहा-सात गीझर सलग चालू ठेवल्यासारखं झालं. थोडा वाटा टायर आणि हवेचा विरोध खातात. उरलेली इंजिनानं घ्यायची की डिस्कनं, हे गियर ठरवतो. ज्या गियरवर घाट चढता त्याच गियरवर उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम भौतिकशास्त्राला तंतोतंत धरून आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे मला कधीच समजले नाहीत. आजची इंजिनं गियरमध्ये उतारावर इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल जळतं. कुणी इंजिनच बंद केलं तर पायाला जोर पुरवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यात संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

तापलेल्या डिस्कवर दोन वेगवेगळी संकटं येतात. पॅडमधली राळ जळून वायू सुटतो, पकड घटते. पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. घाटाच्या पायथ्याला येणारा जळका वास बहुधा त्याचा. दुसरं संकट कॅलिपरमागच्या तेलात असतं. डॉट ३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे. पण हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. कोकणातल्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीचं तेल दोन वर्षांहून जास्त चालवू नये, असं मला वाटतं. कंपनीच्या पुस्तकात कमी मुदत असेल तर तीच पाळावी.

आता जाडीबद्दल. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. २४ मिलिमीटरची डिस्क २२ ला बाद का करायची, असं ग्राहक कुरकुरतो. पण हवा खेळती राहावी म्हणून ही डिस्क मधे पोकळ असते. दोन्ही बाजूंच्या थाळ्या सात-सात मिलिमीटरच्या धरल्या, तर लोखंड १४ मिलिमीटरच उरतं. त्यातले दोन गेले म्हणजे उष्णता साठवणारी कोठी सातव्या हिश्श्यानं घटली, आणि पातळ थाळीला तडा जायची भीतीही वाढली. जाडी मोजताना व्हर्नियरचा जबडा काठावरच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि खोटा दिलासा देतो. मायक्रोमीटर हवा, आणि मोजायचं काठापासून सेंटीमीटरभर आत, सात-आठ ठिकाणी. लेथवर फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर कातून सपाट करून, आणल्यानं थरथर जाते, पण तेवढं लोखंडही जातं. मारल्यावर जाडी मर्यादेच्या खाली जाणार असेल तर लेथचे पैसे वाया. निळे-काळे डाग पडले असतील तरी मी नवीच डिस्क घेईन. तिथलं बिडाचं लोखंड अतितापून कठीण झालेलं असू शकतं. लेथनं वरचा डाग जातो, खालचा कडकपणा राहतो.

बदलताना दोन्ही बाजूंची जोडीनंच बदलावी आणि पॅडही नवे घ्यावेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नये. खाली स्टँड हवाच, चाकांना अडणी हवी. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर (होसवर) लोंबकळत न ठेवता तारेनं बांधावा. हब तारेच्या ब्रशनं चकचकीत करावं, डिस्क बसवून डायल गेजनं (बारीक हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकानं) डोल बघावा. कंपनीची मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल क्लीनरनं पुसायचं राहिलं, तर ते पॅडमध्ये मुरतं. कॅलिपरच्या पिना सरकतात का पाहावं, आणि त्यांना साधं ग्रीस लावू नये, रबर फुगतं. चाकाचे नट टॉर्क पान्यानं आवळावेत. कमीजास्त आवळलेल्या नटांनीही डिस्क तिरकी बसते. सगळं झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावं. मागे ढकललेला पिस्टन पुढे आलेला नसतो, पहिला ब्रेक रिकामा जातो.

नवी जोडी लगेच भार भरून घाटात न्यायची नसते. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत वीस-पंचवीस वेळा हलकेच वेग उतरवायचा, मधे डिस्कला निवायला वेळ द्यायचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड येते.

मावसभावाची गाडी आता थरथरत नाही. घाट उतरल्यावर तो लगेच थांबून पेडलवर पाय दाबून बसत नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला तर मसाल्याचा ठसा उमटतो. किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश जातो, डिस्कला वारा लागू देतो. पूर्वी पायथ्याला थांबून चाकांवर पाण्याची बाटली ओतायची त्याची सवय होती. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा कसा जातो हे त्या वयस्कर मिस्त्रीनं त्याला भंगारातली एक डिस्क हातात देऊन दाखवलं. चीर इतकी बारीक होती की नखानंच कळली.