लिंबाची पालवी पिवळी पडते, तेव्हा पेशीत काय बिघडतं?

पावसाळ्यात लिंबावर खैऱ्या या जिवाणूजन्य रोगाचे खरबरीत डाग दिसले की नागपूरच्या आसपासच्या बागांत स्ट्रेप्टोसायक्लीन या जिवाणूनाशकाची पुडी फुटायची. डागी लिंबाला कळमन्याच्या बाजारात भाव नाही, म्हणून घाई असायची. नेहमीचं प्रमाण असायचं १० लिटर पाण्याला १ ग्रॅम, सोबत कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम. म्हणजे ६ ग्रॅमची पुडी १५ लिटरच्या चार पंपांना पुरायची. ‘जरा स्ट्राँग होऊ द्या’ म्हणत ती एकाच पंपात ओतली की डोस चौपट व्हायचा. मग नवी पालवी फिकट, पिवळट निघू शकायची आणि खापर फुटायचं झिंकच्या कमतरतेवर.

औषध जिवाणू मारणारं, मग पानाला का बाधतं? उत्तर रायबोसोममध्ये आहे. शाळेच्या आकृतीत याच्या वाट्याला नुसते ठिपके येतात. सगळा मान मायटोकॉन्ड्रियाचा. पण पेशीतलं प्रत्येक प्रथिन घडतं ते या ठिपक्यांवरच.

जिवाणूचा रायबोसोम ७०एस, त्याचे भाग ३०एस आणि ५०एस. बेरीज चुकलेली नाही: ‘एस’ हे वजन नसून सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसण्याच्या वेगाचं माप आहे. आपल्या आणि लिंबाच्या पेशीद्रवातला रायबोसोम ८०एस, घडणीने वेगळा. पुडीतलं मुख्य औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते ३०एसच्या नेमक्या त्या जागी बसतं, जिथे जनुकाकडून आलेल्या संदेशातली तीन अक्षरं आणि अमिनो आम्ल घेऊन आलेला टीआरएनए जुळतात की नाही हे तपासलं जातं. तपासणी ढिली पडते, चुकीचा टीआरएनए खपून जातो. रायबोसोम थांबत नाही, चुकीची प्रथिनं बनवत राहतो. त्यातली काही पेशीपटलात घुसतात, पटल गळकं होतं, त्यातून आणखी औषध आत शिरतं. पुडीतलं दुसरं औषध टेट्रासायक्लीन. ते टीआरएनएला जागेवर बसूच देत नाही.

आता पान. हरितलवक हा अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी पेशीने गिळलेल्या सायनोबॅक्टेरिया या जिवाणूचा वंशज. स्वतःचा डीएनए आणि स्वतःचा ७०एस रायबोसोम त्याने अजून सोडलेला नाही. प्रकाशसंश्लेषणाला लागणारं आणि उन्हात सतत मोडणारं डी१ प्रथिन तिथेच पुन्हा घडतं. जून पानात प्रकाशसंश्लेषणाचा बराचसा सांगाडा तयार असतो, कोवळ्या पानात तो उभारायचा असतो. म्हणून जास्तीच्या डोसाचा फटका पालवीला.

डोस वाढवून खैऱ्या हटेलच असंही नाही. रायबोसोमच्या एस१२ प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललं तरी जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, आणि वारंवार फवारणीत असेच जिवाणू मागे उरतात. संत्र्याच्या ट्रिस्टेझावर तर ही पुडी वायाच जाते. तो विषाणू, त्याला स्वतःचा रायबोसोमच नाही. माव्यामार्फत तो पसरतो, तेव्हा बंदोबस्त माव्याचा हवा. (दाराला टांगलेलं लिंबू दृष्ट काढतं म्हणतात, झाडावर असताना त्याला खैऱ्याही आवरत नाही.)

आपला मायटोकॉन्ड्रियाही जिवाणूचाच वंशज, मात्र त्याचा रायबोसोम बदलत बदलत ५५एस झाला आहे. त्यामुळे स्ट्रेप्टोमायसिन त्याच्यावर सहसा नीट बसत नाही. काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ व्या जागी ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ असतो. तेवढ्याने ती जागा पुन्हा जिवाणूसारखी होते, आणि स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनाने कायमचं बहिरेपण येऊ शकतं. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात. म्हणून अशा इंजेक्शनानंतर आईचं किंवा तिच्या माहेरी कुणाचं ऐकणं गेलं असेल, तर पहिला डोस घेण्याआधीच ते डॉक्टरांना सांगावं.