दुकानाचा करार संपतो तेव्हा : गोव्यातील नोटिशीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

म्हापसा, मडगाव किंवा पणजीच्या 18 जून रस्त्यावर भाड्याच्या दुकानाची मुदत संपत आली की वाद ठरलेला. भाडेकरू म्हणतो, मालकाने आधी कळवलेच नाही. मालक म्हणतो, तारीख करारात लिहिलेली आहे, आणखी काय कळवायचे? दोघांनाही आपले म्हणणे न्यायाचे वाटते, कारण गोव्यात दोन्ही विचार कधी ना कधी कायदा म्हणून चाललेले आहेत.

1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे 1870 पासून लागू झाली. शहरी इमारतींच्या भाड्याबाबत तिचा नियम असा होता की, मुदत संपताना दोघांपैकी कुणीही वेळेत आणि गावच्या रिवाजाप्रमाणे निरोप दिला नाही, तर करार पुढे चालू झाला असे धरायचे. म्हणजे मालक गप्प राहिला तर ते भाडेकरूच्या पथ्यावर पडे. पुढे 7 मार्च 1961 रोजी, मुक्तीला जेमतेम नऊ महिने उरले असताना, लिस्बनने भाडेकरूंसंबंधी 43525 क्रमांकाचा हुकूम काढला. मुक्तीनंतरही तो काही वर्षे चालूच राहिला.

1965 मध्ये 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा गोव्यात आला आणि चित्र उलटे झाले. या कायद्याच्या कलम 111 प्रमाणे ठरलेल्या मुदतीचा करार मुदत भरताच आपोआप संपतो, त्यासाठी नोटीस लागत नाही. नोटीस लागते ती महिन्या-महिन्याने चालणाऱ्या भाडेपट्ट्याला, आणि करारात वेगळे काही ठरले नसेल तर कलम 106 नुसार ती फक्त 15 दिवसांची. कारखान्याला तेच कलम सहा महिने देते. दुकानदाराला 15 दिवस फारच थोडे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माल हलवायचा, परवान्यांवरचा पत्ता बदलायचा, उधारी वसूल करायची आणि वर्षानुवर्षे त्याच दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी जागा सांगायची, हे पंधरवड्यात होत नाही.

मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या काळात झालेल्या 1968 च्या इमारत भाडे नियंत्रण कायद्याने 1961 चा हुकूम जिथे जिथे मागे सारला, तिथे भाडेकरूला पुन्हा आधार मिळाला. हा कायदा ज्या भागात आणि ज्या इमारतींना लागू आहे, तिथे नुसती मुदत संपली म्हणून दुकान खाली करून घेता येत नाही. कायद्यात दिलेले कारण दाखवावे लागते. तीन महिन्यांचे भाडे थकले असेल, तर मालकाने नोंदणीकृत टपालाने नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने पैसे भरले नाहीत, तरच या कायद्याखालच्या भाडे नियंत्रक अधिकाऱ्याकडे जायचे. ही नोटीस थकबाकीची, करार संपवण्याची नव्हे. लोक या दोन्हींची गल्लत फार करतात. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने धनपाल चेट्टियार खटल्यात सांगितले की, भाडे नियंत्रण कायद्याखाली जागा मागताना मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 ची वेगळी नोटीस आवश्यक नाही.

1968 चा कायदा लागू नसलेल्या दुकानांत मात्र मुदतीनंतरच्या महिन्याच्या भाड्याकडे नीट पाहावे लागते. मालकाने ते घेतले, किंवा दुकान चालू ठेवण्यास अन्य प्रकारे संमती दिली, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 116 प्रमाणे महिन्याचा भाडेपट्टा सुरू होतो. मग दुकान रिकामे करून घेण्यासाठी लेखी, सहीची नोटीस द्यावीच लागते. पूर्वी अशी नोटीस भाडे-महिन्याच्या अखेरीस संपावी लागे आणि एका दिवसाच्या चुकीने मालकाचा दावा कोसळे. 2002 च्या दुरुस्तीने ती अट गेली. नोटिशीत मुदत कमी पडली, पण दावा पूर्ण मुदत उलटल्यावर केला असेल, तर तेवढ्यावरून नोटीस रद्द ठरत नाही.

करारात तीन महिन्यांची नोटीस ठरवली असेल तर तीच चालते, पण एक अडचण आहे. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केलेला असावा लागतो. मुद्रांक कागदावर नुसत्या सह्या करून केलेला तीन वर्षांचा करार न्यायालयात मुदतीचा पुरावा म्हणून टिकत नाही. ताबा आणि भाडे एवढेच धरून तो महिन्याचा भाडेपट्टा ठरतो, आणि दुकानदाराच्या हाती तेच 15 दिवस राहतात.