सेव्हन बॅरोज येथील विमान अपघात (१९०९)

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात, न्यूबरीच्या दक्षिणेस सेव्हन बॅरोज हे माळरान आहे. डिसेंबर १९०९ मध्ये तेथे जेफ्री डी हॅविलंड (१८८२–१९६५) या अभियंत्याने स्वतः बांधलेले पहिले विमान पहिल्याच उड्डाणात कोसळले. वैमानिकही तोच होता; तो किरकोळ जखमांवर बचावला. ब्रिटिश विमानविद्येच्या दृष्टीने हा बचाव उड्डाणाइतकाच मोलाचा ठरला.

डी हॅविलंड मूळचा मोटार व बसगाड्यांच्या क्षेत्रातला. आजोबांनी दिलेल्या हजार पौंडांच्या बळावर त्याने नोकरी सोडली आणि फ्रँक हर्ल या मित्राला हाताशी धरून लंडनमध्ये काम सुरू केले. सुमारे ४५ अश्वशक्तीचे इंजिनही त्याच्याच आराखड्याप्रमाणे बनवून घेतलेले होते. पंखांचे कापड पत्नी लुईस हिने शिवले. विमान कसे उडवायचे हे शिकवणारे मात्र कोणी नव्हते.

विमान उतारावरून धावले, जमीन सुटली आणि डी हॅविलंडने नाक फार झपाट्याने वर घेतले. पंखांवर एकदम भार आला, डाव्या बाजूचा सांगाडा तुटला आणि सारे काही जमिनीवर आदळले. उड्डाण जेमतेम काही मीटरांचे झाले. चूक केवळ हाताची नव्हती. पंखांचे मुख्य वासे कमकुवत लाकडाचे होते, आणि एका इंजिनावर दोन प्रोपेलर फिरवण्यासाठी घातलेल्या दांड्या व गिअर यांनी वजन आणि गुंतागुंत दोन्ही वाढवली होती.

अशा अपघातांतून माणसे वाचत ती मुख्यतः उंची व वेग कमी असल्यामुळे. शिवाय लाकूड, तारा आणि कापड मोडताना आघाताचा बराच भाग शोषून घेत. पण ही हमी नव्हे. इंजिन वैमानिकाच्या मागे असले, तर तेच अंगावर येई. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्समधील बूलोन्य येथे कॅप्टन फर्दिनां फर्बेर यांचा मृत्यू विमान जमिनीवर उलटून इंजिनाखाली चिरडल्यामुळे झाला होता.

सेव्हन बॅरोजला इंजिनही शाबूत राहिले. तेच नव्या विमानात बसवले; या वेळी मजबूत सांगाडा आणि इंजिनाला थेट जोडलेला एकच प्रोपेलर होता. सप्टेंबर १९१० मध्ये हे दुसरे विमान त्याच माळावर चाचणीला निघाले, तेव्हा चाके खरोखर उचलली जातात का, हे पाहण्यासाठी हर्ल गवतावर पालथा पडून राहिला होता. चाके उचलली गेली. वर्षअखेरीस युद्ध खात्याने ते विमान ४०० पौंडांना घेतले आणि डी हॅविलंडला फार्नबरो येथील सरकारी बलून कारखान्यात आराखडाकार व वैमानिक म्हणून नेमले.

पुढे १९२० मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. तिच्या मॉथ मालिकेतील पस मॉथ विमानातूनच जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले.