ट्रक मोठा म्हणून चूक त्याचीच?

नाशिकमध्ये द्वारका असो की पाथर्डी फाटा, गाडीला गाडी घासली की जमलेली गर्दी निकाल देऊन मोकळी: ‘ट्रक मोठा, म्हणजे चूक त्याचीच.’ कायद्यात असं कुठेही नाही. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार सर्व्हिस रोडवरून मुंबई-आग्रा महामार्गावर शिरणाऱ्यानेच मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना वाट द्यायची असते. आरशात दिसला नाही म्हणजे ट्रक नाहीच, असं नसतं. मान वळवून बघावं लागतं.

बरं, थोडी चूक आपली निघाली तरी भरपाईचा क्लेम बुडत नाही. मोटार अपघात दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने जखमीचा दोष ३० टक्के धरला, तर १० लाखांचे ७ लाख मिळतात. भांडत बसण्यापेक्षा गाडीवरच्या ओरखड्याचा फोटो काढा, गाड्या हलवायच्या आत.