लेकरू शाळेत जायला तयार नाही, घरीच शिकवायचं? टीसी काढण्याआधी हे वाचा

'मुलाला घरी शिकवायची परवानगी' असा कोणताही अर्ज पंचायत समितीत किंवा सेतू केंद्रात मिळत नाही. तसा फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 10 प्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. त्यासाठी पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. पण टीसी काढली आणि दुसरीकडे नाव घातलं नाही, की लेकराची नोंद शाळाबाह्य म्हणून होते. पुस्तकं, पोषण आहार, शिष्यवृत्ती सगळंच थांबतं. म्हणून पटावरचं नाव तसंच ठेवून आधी कारण शोधा.

सोमवारी दप्तर दिसलं की पोट दुखतं आणि रविवारी तेच पोरगं दिवसभर बकऱ्यांमागं धावतं, तर त्याला खोटारडं म्हणू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं. गुरुजींचा मार, मोठ्या पोरांची चिडवाचिडवी, फळ्यावरचं न दिसणं, मेळघाटात घरी कोरकू भाषा आणि वर्गात मराठी, असं काहीही कारण असू शकतं. मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना कलम 17 प्रमाणे बंदी आहे. मुख्याध्यापकांच्या नावानं साध्या कागदावर अर्ज लिहा: लेकराचं नाव, वर्ग, कधीपासून जात नाही, ते स्वतः काय सांगतं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्याच. तोंडी बोलणं कोणाच्या लक्षात राहत नाही. शाळेत दाद लागली नाही तर तोच अर्ज पोचेसह केंद्रप्रमुखांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. घाबरलेल्या लेकरासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मारहाण होत असेल तर मुलांच्या मदतीचा 1098.

घरी शिकण्याचा हक्क कायद्यानं स्पष्ट दिलाय तो बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना, 2012 च्या दुरुस्तीनं. त्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), जन्माचा दाखला आणि आधारची झेरॉक्स सोबत न्या.

बाकीच्यांसाठी उरतो परीक्षेचा रस्ता. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा 10 वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची 13 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतात. शाळेत कधीच गेलं नसेल तर स्वयंघोषणापत्र. दहावीसाठी आपल्याकडं सगळे ओळखतात तो 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्याचा अर्ज. त्याला पाचवी पास आणि 14 वर्षं पूर्ण असणं लागतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग अस्सल टीसीसह कागद ठरलेल्या संपर्क केंद्रावर मुदतीत नेऊन द्यायचे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ हे जिल्हे अमरावती मंडळात, विदर्भातले उरलेले सहा नागपूर मंडळात येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही 14 वर्षांनंतर दहावी देता येते, मराठी माध्यमातून. तिथली नोंदणी 5 वर्षं चालते. घाबरणाऱ्या लेकरासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत.

घरी शिकवणार असाल तर तारीख टाकून वह्या जपून ठेवा. पुढं पोरानं स्वतःहून शाळेत जातो म्हटलं तर गुरुजींना त्यावरून लगेच अंदाज येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्याला वयाच्या वर्गात बसवावं लागतं आणि मागं पडलेलं शिकवायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. आपल्याकडं विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, पण उशीर झाला म्हणून दिवाळीनंतरही प्रवेश नाकारता येत नाही, आणि टीसी यायला वेळ लागतोय म्हणूनही नाही.