फियाट की पद्मिनी?

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावाने फोनवर एक जाहिरात पाठवली. ‘फियाट पद्मिनी, १९७२, सिंगल ओनर, विकणे आहे.’ सोबत दोन फोटो आणि खाली त्याचा प्रश्न : ‘दादा, घेऊ का?’

मी त्याला उलट फोन केला आणि आधी एवढंच सांगितलं, की जाहिरातीतल्या पहिल्या तीन शब्दांतच घोळ आहे. फियाट पद्मिनी नावाची गाडी कधी बनलीच नाही. फियाट होती आणि पद्मिनीही होती. पण पद्मिनी फियाटची नव्हती, आणि १९७२ साली तर तिचं बारसंही झालेलं नव्हतं. म्हणजे एकतर साल चुकलंय, नाहीतर नाव. त्याला वाटलं, मी उगाच शब्दांचा कीस पाडतोय. पण जुनी गाडी घेताना या दोन नावांत कागदपत्रांचा, सुट्या भागांचा आणि बऱ्यापैकी पैशांचाही फरक पडतो.

मला हा फरक लहानपणापासून माहीत आहे, कारण आमच्या घरात दोन्ही होत्या. बाबांची १९६७ची फियाट ११०० डिलाइट, त्यांनी ती सेकंडहँड घेतलेली. आणि मोठ्या काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी, नंबर लावून, वाट बघून घेतलेली कोरी. गणपतीला सगळे जमले की दोघी घराबाहेर एकीमागे एक उभ्या असायच्या. घरातलं कुणीही त्यांना डिलाइट किंवा पद्मिनी म्हणत नसे. ‘बाबांची फियाट’ आणि ‘काकांची फियाट’, बस्स. बहुतेक मराठी घरांत हेच झालं असणार. बोलण्यात फियाट हा शब्द गाडीच्या त्या आकारालाच चिकटला आणि पुढे सुटलाच नाही.

गंमत म्हणजे दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना सरकारने १९५०च्या दशकात दार बंद केलं, तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स इथून निघून गेल्या. ज्यांनी गाडी इथेच बनवायची तयारी दाखवली ते टिकले, आणि प्रीमियर त्यांतली एक. म्हणून ‘फियाट इटलीची आणि पद्मिनी आपली’ अशी सरळ वाटणी करता येत नाही. बाबांची फियाटही कुर्ल्याचीच होती. फरक होता तो परवान्याचा आणि बिल्ल्याचा.

फियाट ११०० हे नाव इटलीत आधीपासून होतं, पण तिची नवी ११००-१०३ ही गाडी तिथे १९५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे. ती पहिली, गोल पाठीची, पुढे निमुळत्या नाकाची, हीच मुंबईची ‘डुक्कर फियाट’. हे नाव लोकांनी प्रेमानेच ठेवलं होतं. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. आजही कुठल्या रॅलीत ती दिसली आणि पुढचं दार उलट्या बाजूला उघडलं की आसपासचे लोक थांबून बघतात. तिच्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या. त्यांच्यात फार शिरत नाही, कारण त्यांची पद्मिनीशी कुणी गल्लत करत नाही. गल्लत सुरू होते ती १९६४च्या सुमाराला आलेल्या डिलाइटपासून. इटलीतल्या ११०० डीचं हे आपल्याकडचं नाव. सरळ रेषांची चौकोनी बॉडी, मागे दिव्यांच्या वर किंचित उठलेले कोपरे, पुढची दारं आता नेहमीसारखी उघडणारी. पद्मिनी म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते नेमकं हेच.

तिकडे इटलीत ११००चं उत्पादन १९६९ साली थांबलं. इकडे फियाटबरोबरचा परवाना संपला, पण साचे कुर्ल्यातच होते, कामगार तेच होते आणि गिऱ्हाईकही दारात उभं होतं. तेव्हा गाडी तीच ठेवून नाव बदललं. थोडा काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती. १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’, चितोडच्या राणीच्या नावावरून. आणि मग ती जवळपास २००० सालापर्यंत बनत राहिली. जन्मगावी बंद झाल्यावर पुढे तीसेक वर्षं! माझ्या मते या गाडीच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग हाच आहे, आणि आपण तिला सरसकट फियाट म्हणतो तेव्हा नेमका तोच भाग गळून पडतो. पद्मिनी म्हणजे कुर्ल्यातल्या माणसांनी स्वतःच्या नावावर पुढे चालवलेली गाडी.

आता दोघी शेजारी उभ्या केल्या तर ओळखायच्या कशा?

आधी पुढची जाळी आणि बिल्ला बघायचा. डिलाइटवर फियाटचा बिल्ला, पद्मिनीवर प्रीमियरचा. पण नुसत्या बिल्ल्यावर विसंबू नये. जुन्या पद्मिनीला फियाटचा बिल्ला लावून ‘ओरिजिनल फियाट’ म्हणून विकणारे आहेत, आणि डिलाइटला कुठल्या तरी दुरुस्तीत पद्मिनीची जाळी बसलेली तर सर्रास सापडते. पहिल्या काही वर्षांची पद्मिनी बाहेरून डिलाइटची जुळी बहीणच असते. पुढे १९८०च्या दशकात जाळी, बंपर, दिवे, आतला डॅशबोर्ड, सीटची कापडं असं एकेक बदलत गेलं, तेव्हा फरक लांबूनही कळायला लागला. म्हणून पहिल्या वर्षांच्या गाडीत शेवटचा निवाडा करतात ते कागद : आरसी बुकातलं मॉडेलचं नाव आणि बनावटीचं साल. बनवणाऱ्याच्या रकान्यात दोन्हीकडे प्रीमियरच दिसू शकतं. त्याने गोंधळून जायचं नाही, कारण बनवणारे तेच होते.

आतून, म्हणजे यंत्रात, दोघी जवळपास एकच. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बुरेटर, चोक, मागच्या चाकांना ताकद. धक्के झेलायला मागे पोलादी पाटे, पुढे गुंडाळीच्या स्प्रिंग, चारी चाकांना ड्रम ब्रेक. स्टिअरिंगखालच्या दांड्याला चार गिअर. त्यामुळे पुढे सलग बाक बसवता यायचा आणि आम्हा पोरांपैकी एकाला बाबा आणि आईच्या मधली जागा मिळायची. त्या जागेसाठी आमची कायम भांडणं व्हायची. दोघींनाही वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. म्हणूनच या गाडीत गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. पायाखालचा पत्रा किंवा दाराखालची पट्टी खाल्ली गेली की गाडीचा कणाच जातो. बघायला गेलात तर रंगावर भाळू नका. पायाखालची मॅटिंग उचला, गुडघ्यावर बसून टॉर्च मारा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून बघा. टोक आत गेलं तर तशीच परत या.

दोघींची खोडही एकच होती, आणि ती मी खंडाळ्याच्या घाटात शिकलो. मे महिना, दुपार, पुण्याकडे चढणारी गाड्यांची रांग. डिलाइट आधी अडखळली, मग दोन आचके दिले आणि बंद पडली. बाबा अजिबात घाबरले नाहीत. खाली उतरून बॉनेट उघडलं, डिकीतला जुना पंचा पाण्याच्या बाटलीतून ओला केला आणि इंजिनच्या कुशीला असलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला. पंचातून वाफ निघाली. मला म्हणाले, “पेट्रोलची वाफ झालीय आत. पंप वाफ ढकलू शकत नाही. जरा थंड होऊ दे तिला.” दहा मिनिटांत गाडी पुन्हा चालू. थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एक काळी-पिवळी पद्मिनी तशीच बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्याही पंपावर ओलं फडकं. त्या टॅक्सीवाल्याने बाबांना हात केला, बाबांनीही केला. डिलाइट आणि पद्मिनी एकच हे म्हणायचं असेल तर ते या अर्थाने म्हणावं.

पण उत्तरार्धात पद्मिनी स्वतःच्या वाटेने गेली. १९९०च्या दशकात ती डिझेल इंजिनात आली, ती १३७ डी. शेवटच्या एस वन मॉडेलला तर गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर आला आणि पुढे सलग बाकाऐवजी दोन वेगळ्या सीट आल्या. अशी गाडी बघून कुणी ‘ही जुनी फियाट’ म्हणालं तर ते सपशेल चूक. फियाटच्या परवान्याखाली अशी गाडी कधीच निघाली नाही.

मुंबईची टॅक्सी हाच या गल्लतीचा सगळ्यात मोठा कारखाना. ज्या काळ्या-पिवळ्या गाड्या आपल्या आठवणीत आहेत त्यांतल्या बहुतेक पद्मिनी, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या शेवटी ती रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात मी मुद्दाम दक्षिण मुंबईत गेलो होतो, एकदा बसायला मिळेल म्हणून. मिळालं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

याच्या उलट एक गाडी आहे जिला लोक हमखास पद्मिनी म्हणतात आणि ती खरी फियाट आहे. लालबहादूर शास्त्रींची. पंतप्रधान असताना त्यांनी बारा हजारांची फियाट घेतली, जवळ सात हजार होते, उरलेले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढले. ते गेल्यावर ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून ते फेडलं. गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. शास्त्रीजी जानेवारी १९६६मध्ये गेले. पद्मिनी हे नाव त्यानंतर आठ वर्षांनी आलं. तेव्हा ती पद्मिनी असणं शक्यच नाही.

आता पैशाची बाजू. इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, ब्रेकचे भाग एकीचे दुसरीला बऱ्याच अंशी चालतात, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा जुन्या मेकॅनिकच्या माळ्यावर अजून मिळतात. अडतं ते बाहेरच्या गोष्टींपाशी : डिलाइटची मूळ जाळी, बिल्ला, क्रोमच्या पट्ट्या, मीटरची काच. हे पद्मिनीचं लावून चालतं, पण मग गाडी ‘मूळ रूपात’ राहत नाही. आणि मूळ रूपाला आता कायद्यातही किंमत आहे. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजारांची आणि दहा वर्षांची. रोज चालवायला मात्र परवानगी नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. कुठलीही डिलाइट आज या वयात बसते. पद्मिनीतली मात्र अगदी पहिल्या वर्षांचीच आता कुठे पन्नाशी ओलांडते आहे. काकांच्या १९८६च्या पद्मिनीला अजून बराच काळ थांबावं लागलं असतं. ती आता नाही, १९९९ला विकली. त्या जागी आधी मारुती ८०० आली, मग वॅगन आर. मी आज जी गाडी चालवतो तिला क्लचच नाही. उतारावर डावा पाय अजूनही उगाच पुढे सरकतो.

रविवारी आतेभावाबरोबर ती जाहिरातीतली गाडी बघायला गेलो. मालक ऐंशीच्या घरातले, गाडी अंगणात ताडपत्रीखाली. जाळी पद्मिनीची, बिल्ला प्रीमियरचा. पत्रा बघताना बॉनेटच्या नाकावर बोट फिरवलं तर रंगाखाली दोन बारीक खळगे लागले. जुन्या बिल्ल्याची भोकं, पुट्टी भरून बुजवलेली. मालकांना विचारलं तर म्हणाले, “अहो, ब्याऐंशी साली पुढून ठोकली होती. तेव्हा बाजारात जी जाळी होती ती बसवली. गाडी फियाटच हो.” आरसी बुक आणून दिलं. मॉडेलच्या रकान्यात पद्मिनी नव्हतं, फियाट होतं. साल १९७२.

आतेभाऊ तोवर मॅटिंग उचलून, गुडघ्यावर बसून, पायाखालचा पत्रा टोचत होता. स्क्रू ड्रायव्हर कुठेच आत जाईना. संध्याकाळी त्याने आईला फोन लावला तो माझ्यासमोरच : “आई, डिलाइट घेतली. हो, फियाट. नाही, पद्मिनी नाही. आल्यावर सांगतो.”